भाकरीतली साखर

सोनालीचं लग्न झालं, त्याच वर्षी तिच्या आजोबांना, धोंडिबांना, मधुमेह निघाला आणि आजीनं, नंदाबाईंनी, येरवड्याच्या घरातला साखरेचा डबा शेजारी देऊन टाकला. "आजोबा, भाकरी खूप वेळ चावा. लाळेनं पिठाची साखर होते," नात म्हणाली. तेव्हापासून ते शेवटचा घास तोंडात घोळवत बसायचे.

"जेवताय की रवंथ करताय?" म्हणत नंदाबाई आपलं ताट उचलायच्या.

"बस की जरा. तुलाही लागेल गोड."

"आणि भांडी कोण घासणार?"

आज मात्र त्या उठल्या नाहीत. शेवटचा घास सावकाश चावत राहिल्या.

"अहो, खरंच गोड लागतेय," त्या समोर बघून म्हणाल्या.

धोंडिबा माघी पौर्णिमेला वारले होते. आता वैशाख चालू होता.