भारद्वाजाला हाकलत नाहीत

भारद्वाज कंपाउंडच्या भिंतीवर येऊन बसला आणि माधवीनं हातातली काठी पटकन पाठीमागे लपवली.

काठी बोक्यासाठी होती. आठ दिवस झाले, ती रोज सकाळी काठी घेऊन मधुमालतीच्या वेलापाशी उभी राहायची. वेलात बुलबुलाचं घरटं होतं, चहाच्या कपाएवढं. आत तीन पिल्लं. अंगावर धड पिसं नाहीत, डोळे आत्ता कुठे उघडलेले. शेजाऱ्यांचा बोका त्यांच्यावर टपून होता.

आज मात्र तिचं लक्ष बोक्यात नव्हतं. आज रिपोर्ट यायचा होता. तिच्या नवऱ्याच्या, विक्रमसिंहांच्या मानेतली गाठ काढून इंदूरला तपासायला दिली होती. मुलगा हर्षित तो आणायला सकाळीच देवासहून निघाला होता. अकराला फोन करतो म्हणाला होता. आत्ता साडेदहा झाले होते.

आणि नेमका आज भारद्वाज आला. काळाभोर, तांबड्या पंखांचा, लाल डोळ्यांचा.

महिन्याभरापूर्वी पहिल्यांदा दिसला तेव्हा हर्षित हसला होता. "आई, हा तर कावळ्यांचा बडा भिया, दादा दिसतो! जॅकेट घालून आलाय."

"गप रे. भारद्वाज आहे तो. हात जोड."

तिच्या माहेरी, बदनावरला, सगळे हात जोडायचे. भारद्वाज दिसला की काम होतं. तिचा बारावीचा निकाल लागला त्या दिवशी दिसला होता, भावाला नोकरी लागली त्या दिवशीही. आई एवढंच बजावायची, की त्याला कधी हाकलायचं नाही. हाकललं की आलेलं शुभ उलट्या पावली जातं. मामानं एकदा हसत हसत ढेकूळ मारलं होतं. त्याच आठवड्यात मामाचा ट्रॅक्टर उलटला. मामा त्याच्या खालीच होता.

माधवीनं काठी काखेत धरली आणि हात जोडले. "एवढं एक काम कर रे बाबा," ती पुटपुटली.

भारद्वाज भिंतीवरून खाली उतरला. कुंड्यांच्या मधून चालत निघाला, आपल्याच घरी आल्यासारखा. घाई नाही, भीती नाही. वेलापाशी थांबला. मान वाकडी करून त्यानं वर बघितलं. किडे शोधत असेल, असं तिला वाटलं. मग तो वेलात चढला.

बुलबुलांची जोडी किंचाळायला लागली.

माधवीला कळायला क्षणभर वेळ लागला. पानं हलली. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या चोचीत काहीतरी गुलाबी लोंबत होतं आणि त्याचे पाय अजून हलत होते.



"माधवी!" आतून विक्रमसिंहांची हाक आली. "काय झालं गं? एवढे का ओरडतायत?"

"काही नाही. बोका आहे."

"मग बघत काय बसलीस? हाकल ना त्याला!"

भारद्वाज भिंतीमागे गेला होता. घरट्यात अजून दोन होती. वेलापासून ती चार पावलांवर होती. नुसतं जाऊन उभी राहिली असती तरी पुरलं असतं. ती गेली नाही. तो परत आला. तिनं काठी उचलली. काठी हवेत तशीच राहिली. तिला ट्रॅक्टर दिसला. मग मानेवरची पांढरी पट्टी दिसली. अकराला दहा कमी होते. आत्ता, याच घटकेला, तिकडे कोणीतरी तो कागद छापत असेल.

तिनं काठी खाली ठेवली. आवाज होऊ नये म्हणून हळूच ठेवली. पुन्हा हात जोडले आणि डोळे गच्च मिटून घेतले.

पानं हलली. थांबली. बऱ्याच वेळानं पुन्हा हलली. बुलबुल तिच्या डोक्यावरून घिरट्या घालत होते, त्यातल्या एकाचा पंख तिच्या केसांना लागून गेला. मग ती बारीक चिवचिव, जी आठ दिवस तिच्या कानात बसली होती, बंद झाली.

डोळे उघडले तेव्हा भारद्वाज कुठे नव्हता. तिनं वेल बाजूला केला. घरट्यात एक मऊ काडी होती, बाकी काही नाही.

माफ करा, ती मनात म्हणाली. कोणाला म्हणाली, तिलाच कळलं नाही. पण झालं होतं. तो पोट भरून गेला होता, कोणी त्याला हाकललं नव्हतं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि आत गेली.

विक्रमसिंह खिडकीलगतच्या पलंगावर पडून होते. टाक्यांमुळे मान वळत नव्हती, त्यामुळे त्यांना खिडकीतून वेलाचा नुसता शेंडा दिसायचा.

"गेला का बोका?"

"गेला."

तेवढ्यात उशीजवळचा फोन वाजला. हर्षितचं नाव आलं. माधवी धावली, पण विक्रमसिंहांनी फोनवर हात ठेवला.

"आधी बाहेर जा आणि पिल्लं मोजून ये."

"आत्ता? अहो, फोन वाजतोय!"

"वाजू दे. करेल परत." त्यांच्या कपाळावर घाम होता, तरी ते लाजल्यासारखे हसत होते. "तुला सांगितलं नाही, तू हसशील म्हणून. पडल्या पडल्या पहिल्या दिवसापासून मनाशी धरून बसलोय, की ही तिन्ही वाचली, तर मी पण वाचलो."