पुठ्ठ्याची नळी

दुसऱ्या दिवशी प्रयोगाचा निकाल मांडायचा होता, म्हणून फोटो काढायला मी प्राणिगृहात गेले. भीती घालवणारं माझं औषध आठ महिन्यांनी लागू पडलं होतं. डाव्या रॅकवरचे, औषध मिळणारे उंदीर आता निवांत फिरत. उजवीकडचे, नुसतं पाणी पिणारे, हात दिसला की अजूनही कोपऱ्यात एकमेकांवर चढत.

पिंजरे साफ करणाऱ्या द्वारकाबाई डाव्या रॅकपाशी होत्या. त्यांनी पिंजऱ्यात पुठ्ठ्याची नळी धरली. एक उंदीर आपणहून तिच्यात शिरला आणि बाईंनी त्याला नळीसकट उचलून स्वच्छ पिंजऱ्यात, कागदाच्या मऊ कातरणांवर सोडलं.

"हे काय चाललंय?" मी ओरडलेच.

"आजाऱ्याला शेपटीला धरून उचलायचं का, मॅडम? पहिल्या दिवसापासून औषधावर आहेत बिचारे."

त्यांनी पिंजऱ्यावरच्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं. 'औषध'. अक्षर माझंच. कुठल्या पिंजऱ्याला औषध आहे हे सांभाळणाऱ्याला कळू द्यायचं नसतं. पण द्वारकाबाईंना त्यातलं काय कळणार, म्हणून मी बिनदिक्कत लिहून टाकलं होतं.

मी उजव्या रॅककडे वळले. "आणि उजवीकडचे?"

"ते धडधाकट. त्यांना तुम्ही उचलता तसंच उचलते."

मी उजवीकडचा पिंजरा उघडून एक उंदीर बाहेर काढला. आठ महिने मी याच्या भीतीचं कारण याच्या मेंदूत शोधत होते.

तो माझ्या चिमटीत शेपटीने उलटा लटकून पाय झाडत होता.