पंचेचाळीस दिवसांच्या आत

दातांच्या दवाखान्यातून बाराशे रुग्णांची माहिती चोरीला गेली. राज्याच्या कायद्याप्रमाणे पंचेचाळीस दिवसांत प्रत्येकाला लेखी कळवायचं होतं. तिथं काम करणाऱ्या मार्लिसनं एकेचाळिसाव्या दिवशी शेवटचं पत्र टपालात टाकलं आणि हुश्श केलं.

आठवड्यानं रोवेना या रुग्ण बाईचा फोन आला. आवाज दबका होता.

"मार्लिस, मलाही पत्र पाठवलंस?"

"हो गं, कुणालाच वगळलं नाही. तुझ्या विम्याच्या कागदावर टोलेडो शहरातला पत्ता होता, तिकडे पाठवलं."



"तिथं माझा नवरा राहतो. त्याच्या माराला भिऊन दोन वर्षं मी या गावात लपलेय. आत्ता दाढ दाखवायला आले, तर पत्रावरचा दवाखान्याचा पत्ता बघून तो तुमच्या दारात येऊन बसलाय."