शंभर टक्के माणूस

हाडामांसाच्या वादकांचं आल्हादला वावडं होतं. मेले उशिरा येतात, चहा ढोसतात, वर अक्कल शिकवतात! म्हणून त्यांना हाकलून त्यानं घरच्या कॉम्प्युटरवर ड्रमर आणि बास गिटार वाजवणारा बासवाला पाळले होते. त्यानं काहीही गायलं तरी दोघं म्हणत, "वा, सर!"

आज ठेका फारच निर्जीव वाटला, म्हणून त्यानं सॉफ्टवेअरमधला ‘माणूसपणा’ शून्यावरून शंभरवर नेला आणि गायला लागला.

मुखडा संपायच्या आतच ड्रम थांबले.

"साहेब, चाल ठीक आहे," ड्रमर म्हणाला, "पण गायला दुसरं कुणी बघा की."

बासवाला फिदीफिदी हसला.

दातओठ खात आल्हादनं माणूसपणा परत शून्यावर आणला.

"वा, सर!" दोघं एका सुरात म्हणाले.

याच ‘वा’च्या जोरावर त्यानं गेल्या महिन्यात बँकेतली नोकरी सोडली होती.