झोपाळ्याची कडी

"विहीणबाई, कुणाला सांगितलं तर पटायचं नाही, पण ही कडी स्लॅब फोडून पार वरच्या जोगळेकरांच्या हॉलमध्ये निघालीय!" नव्या झोपाळ्याची कडी दाखवत खोपकरकाका म्हणाले.

विहीणबाई अंगाने चांगल्या भारदस्त. लेकीच्या सासरी पहिल्यांदाच आल्या होत्या आणि झोपाळ्यापुढे थबकल्या होत्या. त्या बसल्या नाहीत, तर काकांनी स्वतः ठोकलेल्या कडीचं साऱ्या सोयऱ्यांत हसं होणार होतं.

"मग वर ती धरतं कोण?"

"जोगळेकरांनी तिला आपला पलंग बांधलाय. त्यावर ते स्वतः झोपतात, एकशे दहा किलो! आपण झोका घेतला की ते घोरायला लागतात. थांबलो की वरून काठी आपटतात. डॉक्टरांनी त्यांच्या झोपेच्या गोळ्यासुद्धा बंद केल्या."

"काय माणूस म्हणायचा!" विहीणबाई निर्धास्त झाल्या आणि पदर सावरून हळूहळू टेकू लागल्या. काकांनी डोळे गच्च मिटले.

तेवढ्यात रिकामी परात घेऊन आलेल्या काकू दारातूनच ओरडल्या, "अहो, कसले जोगळेकर? मी आत्ताच वर कुरडया वाळत घालून आले. आपल्या डोक्यावर गच्ची आहे, गच्ची!"