जाईवरचा तांबेरा

माया बांधावर पोचली तेव्हा दोघी जावा समोरासमोर उभ्या होत्या. अनसाबाईच्या हातात जाईचे सुजलेले, पिवळे पडलेले कोंब होते. आपला जाईचा मळा धाकट्या जावेनं, म्हाळसानं, चोरून औषध ओतून जाळला, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. तिचा मुलगा सतीश तक्रारीचा कागद खिशात घालून शिरूरच्या पोलीस ठाण्यात निघाला होता. त्याची मोटारसायकल सुरूच होती.

महिन्यापूर्वी म्हाळसाला भैरोबाच्या देवळात स्वतःच्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. तरी कुणाचा विश्वास बसला नव्हता.

माया दौंडच्या रेल्वे कॉलनीतली. पुण्याच्या कॉलेजात पानांवरच्या बुरशीचा अभ्यास करायची, आणि इथं, मांडवगण फराट्याला, जाईच शोधत आली होती. तिनं एक कोंब मागून घेतला, भिंगाखाली धरला, बोट फिरवलं. बोटाला नारिंगी भुकटी लागली.

"मावशी, हे औषध नाही. तांबेरा आहे, बुरशीचा रोग. वाऱ्यानं येतो."

तुम्ही हिच्या कोण लागता, असं सतीशनं म्हाळसाकडे बोट दाखवत विचारलं.

मायानं पिशवीतून एक झेरॉक्स काढली. कॉलेजच्या संग्रहात वाळवून ठेवलेल्या एका फांदीची ती नोंद होती. इंग्रजीतली ती नोंद तिनं मराठीत वाचून दाखवली. जाई, पानांवर तांबेरा, मांडवगण फराटा, नदीकाठ, डिसेंबर १९६१.

एकसष्ट साली दोघी जावा या गावात नांदायलाही आल्या नव्हत्या. अनसाबाईनं कागद हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला. सतीशनं गाडी बंद केली.

माया खाली बसून नव्या नमुन्याच्या पाकिटावर नोंद लिहू लागली. झाड, गाव, तारीख. म्हाळसा तिच्याजवळ येऊन टेकली.

"ताई, त्येच्यावर मोकळी जागा हाय का?"

शेवटी शेऱ्याची एक ओळ असते, माया म्हणाली.

"मग तितं लिवा. म्हाळसानं काय केलं न्हाई."

असं कुणी लिहीत नसतं. मायाचं पेन थांबलं. मग तिनं ते लिहिलं, म्हाळसाच्याच शब्दांत.

अनसाबाई पाठ फिरवून घराच्या वाटेला लागली होती.

"आता वाचा," म्हाळसा म्हणाली. "तिला ऐकू जाईल असं."