डावीकडे ओढणारी गाडी

आबांनी किल्ली फिरवली आणि जुनी अँबेसिडर एका दमात सुरू झाली. गंजून चाळण झालेला पत्रा बदलायला आणि जाम झालेलं इंजिन सोडवायला त्यांना नि त्यांच्या लेकीला, शर्वरीला, तीन वर्षं लागली होती. आपलं बाळ झोपलं की शर्वरी पाना घेऊन गाडीखाली शिरायची.

"बस. रंकाळ्याला चक्कर मारू," आबा म्हणाले.

माणसाने गाडी चालवायची नाही, हा कायदा होऊन एक पिढी मोठी झाली होती. आबांना खास परवाना मिळालाय, असं शर्वरीने त्यांना सांगितलं होतं. खरं तर तिने स्टिअरिंगचा दांडा आतून कापून सीटखाली चालकयंत्र बसवलं होतं. आबा चाक फिरवतील तशी गाडी ते यंत्र वळवत होतं.

सरळ रस्ता लागला तसे आबांनी हात सोडले. गाडी सुतात चालत राहिली.

"ही जन्माची डावीकडे ओढणारी," ते म्हणाले. "ती खोड काय आपण काढली नव्हती."

शर्वरीची नजर सीटखाली गेली.

"तू मांडीवर बसून चालवायचीस, तेव्हा चाकाला खालून माझा हात असायचा. तुला कधी कळू दिलं नाही बघ."

"आबा, तुम्हाला एकदा तरी..."

"हॉर्न तरी माझा आहे काय गं?"

"आहे."

त्यांनी तो वाजवला नाही. पुढच्या वळणावर मात्र दोन्ही हातांनी चाक फिरवलं आणि लहानपणी ती बघायची तसं, शाबासकीसाठी, तिच्याकडे बघितलं.